दिवेलागणीचं हिरवं फडकं

बसा मास्तर, त्या घोंगड्यावर बसा. काठावर जाऊन सारखं बघून नदी काय लाजून उतरत न्हाय. तुम्हाला चार दिवस झालं अडकून, आमचा जल्म गेला. एक गोष्ट सांगतो, ह्याच बेटाची. आजवर कुणाला सांगितली न्हाय. ऐकून घ्या, मग माझं तुमच्याकडं एक काम हाय.

चाळीस घरं आमची. इकडनं दूधगंगा, तिकडनं तिचाच फाटा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातनं गाड्या जात्यात, पण मिरीग निघाला, पाऊस लागला की कोण येत न्हाय आन कोण जात न्हाय. आधी मीठ संपतं, मग तंबाखू, मग बोलणं. श्रावणात तर शेजारी कुठल्या कुशीवर खोकला ते कळतं, आन त्याचाबी राग येतो. हिंडलग्याच्या तुरुंगात निदान पहारेकरी तरी बदलतो म्हणं.

होडी आमच्याकडं कधीच न्हवती. गुळाची काईल, ती मोठी कढई, पाण्यात सोडायची, तिच्यात माणसं बसवायची आन दोघांनी पोहत ढकलायची. ते काम आमच्या घराकडं. मी आन माझा धाकटा भाऊ भावकू. एका साली काईल भोवऱ्यात गरागरा फिरली. बसलेली माणसं वाचली. भावकू गेला.

तवा गावानं म्हसोबाम्होरं ठरीवलं. देवळाची तिसरी पायरी बुडली की काईल पालथी घालायची, आन पायरी उघडी पडल्याबिगर कुणी तिला हात लावायचा न्हाय. पायरी कोण बघणार? तर मी, नागोजी. रोज दिवेलागणीला मी एकटाच जायचा, बोटानं पाणी मोजायचा. मी सांगीन ते खरं.

आता पल्याडचं सांगतो. त्या काठावर चिचंचं झाड हाय न्हवं, त्याला आमची फडकी लागायची. ज्याचं माणूस पल्याड, त्याचं फडकं. हिरवं म्हंजे बरं हाय. पांढरं म्हंजे या. सकाळी लावायचं आन दिवेलागणीच्या आत उतरवायचं. रातभर झाडावर फडकं ऱ्हायलं तर ते मेलेल्याचं, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. त्यामुळं कितीबी पाऊस असंना, फडकं उतरवायला कोण चुकायचं न्हाय.

जर्मनची पयली लढाई पेटली ते साल. जयाबाई म्हणून एक सून होती आमच्यात. नवरा पलटणीत, घरात ती आन सासू रुक्माबाई. जयाचा बाप मष्णू पल्याड एकटाच, झोपडीत, तंबाखूचा तरवा, म्हंजे रोपं, राखत; त्या पावसात तिकडं आमचं दुसरं कुणी न्हवतं. बायको मागंच वारलेली. त्या साली त्याला ताप यायचा. पाणी चढायच्या आदल्या दिवशी जया त्याच्याकडं गेलती आन उठंचना. म्हाताऱ्यानं हाकललं तिला.

"जा गं. सासू माझ्या नावानं बोटं मोडंल. हिरवं फडकं दिसतंय तवर मी हाय."

मीच तिला काईलीतनं आणली. दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी बुडली आन काईल पालथी पडली.

रोज सकाळी जया काठावर. पल्याड हिरवं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. सकाळचं पाणी बघाय पायरीशी मीबी असायचाच.

"अण्णा, तुमची नजर घारीची. हिरवंच हाय न्हवं?"

"हिरवंच हाय. तुझ्या बापाला काय हुतंय? यम आला तरी त्याला तरव्याचं गवत काढाय लावंल."

ती हसायची. मागनं रुक्माबाईची हाक यायची, "अगं ए राणी सरकार, बाप दिसतोय तिथनं तर म्हस पिळायबी त्यालाच सांग." जया पळायची. आन सांजच्याला तर ती काठावर कधीच नसायची. म्हस, चूल, दिवा. सासूनं दिव्याचा नेमच घालून दिलता.

आठव्या दिवशी दिवेलागणीला मी पायरीवर गेलो. पाणी उतरलं हुतं. पायरीवर एक बोट ऱ्हायलं हुतं, जास्त न्हाय. मान वर केली आन बघितलं तर चिचंवर हिरवं फडकं तसंच. दिवेलागण झाली तरी कुणी उतरवलं न्हवतं. भिजून फांदीला चिकटलेलं.

मास्तर, म्या तिथंच बसलो. अंधार पडोस्तवर वाट बघितली. कोण आलं न्हाय.

एक बोट पाणी. त्याच्या दुप्पट पाण्यातनं काईल नेलती मी, भावकू असताना. गावाला सांगितलं असतं तर गावानं म्हसोबाला कौल लावला असता, आन काईल सुलटी करून पाण्यात सोडली असती. पण ढकलायचं कुणी? मी. म्या त्या पाण्याकडं बघितलं आन मला भावकूचा हात दिसला, बुडताना दिसलता तसा. घरला आलो. बायकू म्हणली, पायरी? म्हणलं, बुडलीया.

सकाळी जया आली. फडकं हाय तसंच हुतं. तिला वाटलं बापानं पहाटंच लावलं.

"आज लवकर लावलं की आबानं. हिरवंच हाय न्हवं, अण्णा?"

"व्हय," म्हणलं. "हिरवंच."

खोटं कुठं बोललो? हिरवंच हुतं ते.

त्या दिवशी परत पाऊस लागला, पाणी चढलं. मग सात दिवस असंच. ती विचारायची, मी व्हय म्हणायचा. एकदा म्हणली, "फडकं मळलंय वाटतं, आबाला धुवाय हुईना जणू." म्या पायरीकडं बघत बसलो.

पायरी उघडी पडली तशी काईल सुलटी केली. पयली जयाच बसली. पल्याड टेकली आन ती झोपडीकडं पळत सुटली. मी चिचंपाशी थांबलो आन फडकं उतरवलं.

झोपडीत एक धनगर हुता, पावसाला अडकलेला, कानडी मुलखातला. त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. तो आला तवा म्हातारा जित्ता हुता. हिशेब लावला तर धनगर आला तो फडकं रातभर ऱ्हायलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. म्हाताऱ्याच्या अंगात उठायची ताकद न्हवती. आणखी दोन दिवस जगला. धनगरानं पाणी पाजलं, शेवटाला मातीबी दिली. त्या बिचाऱ्याला आमच्या फडक्याचं काय म्हाईत? म्हातारा पाण्याकडं हात करून एकच विचारायचा म्हणं, "कोण आलं का?"

जया रडली न्हाय. येताना काईलीत बसल्यावर म्हणली, "अण्णा, ते फडकं रातभर झाडावरच ऱ्हायलं असणार. म्या एक डाव सांजच्याला आलो असतो तर मला कळलं असतं. मी दिवा लावत बसलो."

तवाच बोलायचं हुतं. हातात काईलीची कड हुती, तोंड पाण्याबाहीर हुतं. न्हाय बोललो. वर त्या साली तिनं मला नारळ दिला, सात दिवस माझ्यासंगं काठावर उभा ऱ्हायलासा म्हणून.

नवरा लढाईतनं परत आला, पोरगी झाली. पोरगी बेळगुंदीत दिली. नवरा गेल्यावर जया लेकीकडं ऱ्हायला गेली, तुमच्याच गावात. आमच्यातला भरमू तिकडं जाऊन आलता, त्यानं सांगितलं. श्रावणात सात दिवस ती अजून घरात दिवा लावत न्हाय. अंधारात बसती. लेक भांडती, नातवंडं हसत्यात, पण ऐकत न्हाय. म्हणती, दिव्यापायी माझा बाप गेला.

बत्तीस वर्सं झाली, मास्तर. नदी मला दर साली चार महिनं कोंडती आन आठ महिनं सोडती. तरी मी कुठं गेलो न्हाय. बेळगुंदी काय लांब हाय? पाय चालतोय, जीभ चालत न्हाय.

हे घ्या. फडकं. रंग उडालाय, पण उजेडात धरलं की हिरवं कळतंय. पाणी उतरलं की तुम्ही घरला जाशीला. तिच्या हातात द्या आन म्हणा, नजर तुझी चुकली न्हाय, दिव्याचंबी काय चुकलं न्हाय. नागोजीनं दिवेलागणीला बघितलं हुतं, एक बोट पाणी हुतं, आन तो गप बसला. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या, माझ्यासाठनं. आन श्रावण सरायच्या आत एकदा सांजच्याला तिच्या दारावरनं जावा, आत दिवा दिसतोय का तेवढं बघून मला कळवा. कराल न्हवं एवढं?