तिसरा जामीन

ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाला थेंब लोंबत होता. तो सुटला आणि काचपात्रातल्या पिवळ्या पाण्याचा रंग विटकरी झाला. आधीचे सगळे थेंब नुसते जिरून गेले होते. मुक्ताबाईंनी तोटी बंद करून आकडा टिपला. दिवाळे गावच्या विहिरीत यंदाही क्षार जास्त होते.

"लिव, खारा पानी," नमुन्यांची गाडी चालवणारा धर्मराज दारातून म्हणाला. तो दिवाळ्याचाच. "तो पिऊन आमी मोठे झालो. तुमच्या बाटलीला आज समजला."

जेवणाच्या सुट्टीत चारुलता पेढे घेऊन आली. प्रयोगशाळेत नवी लागलेली केमिस्ट. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून तिचं घराचं कर्ज मंजूर झालं होतं.

"दोन जामीन दिले, आठवड्यात काम झालं."

"आणि तिसरा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"तिसरा कुठला?"

पेढा मुक्ताबाईंच्या हातातच राहिला. नेरुळला त्यांना सरकारी योजनेतलं घर लागलं होतं. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर ते पुढच्या माणसाला जाणार. आणि मुक्ताबाई पावसाळ्यापासून तिसरा जामीन शोधत होत्या, स्वतःचं घर असलेला. हा नियम सगळ्यांना आहे असंच त्यांना वाटत होतं. स्टोअरमधल्या भगवान वाघमारेंनाही पतपेढीच्या सेक्रेटरीने तेच सांगितलं होतं. तेही बौद्ध, त्यांच्यासारखेच मराठवाड्यातून आलेले.

मुक्ताबाई तशाच उठून सेक्रेटरीकडे जाऊन आल्या.

"काय म्हनला?" धर्मराजने विचारलं.

"नियम नाही म्हणाले, पद्धत आहे. तुमच्या लोकांच्या बाबतीत कमिटीला जरा जास्त खात्री लागते. राग मानू नका, असंही म्हणाले."

चारुलताने डबा बंद केला. "मग सहकार खात्याकडे जा. पतपेढीची नोंदणी सरकारनं केलीय ना? मग जाबही सरकारनंच विचारायचा."

"सरकार!" धर्मराज हसला. "मना नको सांगू सरकार. आमची शेती नेली, मिठागर नेला, मोबदल्यासाठी बापाच्या चपला झिजल्या. पतपेढी आपली, पैसा आपला. सरकार कशाला पायजे मधी?"

"तुमच्याकडून घ्यायला आलं तेव्हा विचारून आलं होतं का? मग आता द्यायला बोलवलं तर बिघडलं कुठं?"

"ही पोर वकील व्हायची, चुकून हितं आली," धर्मराज पुटपुटला. थोडा वेळ तो माशाचा काटा काढत राहिला. मग म्हणाला, "मुक्ताबाय, माजी सही घे. तू इचारला तवा 'बगू' म्हनलो, घरात कटकट व्हती. आता देतो. माजा घर हाय. आजच मंजूर होईल."

मुक्ताबाईंना गलबलून आलं. एका सहीवर नेरुळचं घर. खिडकीशी ओटा, मुलीला अभ्यासाला कोपरा. पण ती सही घेतली की तिसरा जामीन लागतो, हे त्यांनीही मान्य केल्यासारखं होणार. भगवानरावांना कोण सही देणार? त्यांच्यानंतर येणाऱ्याला?

त्यांनी ब्युरेट धुऊन उलटी लावली, ॲप्रन खुंटीला अडकवला.

"दादा, तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. पण सही नको."

"येडी का काय! घर जाईल हातचा!"

"जाईल कदाचित."

सहकार खात्याची कचेरी रस्त्यापलीकडच्या सरकारी इमारतीतच होती. चारुलता बरोबर निघाली. धर्मराज त्या इमारतीच्या पायरीपर्यंत बडबडत आला. बापाच्या खेपांनंतर सरकारी कचेऱ्यांची पायरी चढायची नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे. क्षणभर थांबला, मग चपला आपटत वर आला.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "काय काम?"

नोकरीत मुक्ताबाईंनी रजेखेरीज कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले.

"तक्रार द्यायचीय," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या नावानं."