गुलमोहराची चौथी बाजू

झाडाचा आजार ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. लाकडी हातोडी लागते आणि दोन धड कान. बुंध्यावर ठोकलं की चांगलं लाकूड टणक बोलतं, सडलेलं ढब्ब करतं. बावीस वर्षं बागखात्यात मी हेच करतेय. साहेब येतात, साहेब जातात, मी आणि माझी हातोडी आहोत तिथेच.

आमच्या फॉर्मवर बुंध्यासाठी चार रकाने असतात, चार बाजूंचे. चारही बाजू ठोकायच्या, मगच सही. नवीन माणसांना मी हे इतक्यांदा सुनावते की ती माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. करोत बापडी.

आता ताईच्या बालवाडीतल्या गुलमोहराचं सांगते. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. गेल्या वर्षी त्याच्या तपासणीला मीच गेले. तीन बाजू ठोकल्या, ठणठणीत. चौथी बाजू खोलीच्या भिंतीकडे, मध्ये हाताभर फट आणि तिच्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. ताई म्हणाली, "अगं, राहू दे त्या खुर्च्या, कुठे नसत्या भानगडीत पडतेस. चहा गार होतोय." वर बघितलं तर झाड हिरवंगार. मी चहाला बसले आणि चौथा रकाना बसल्या बसल्या भरून टाकला.

यंदा खुर्च्या भंगारात गेल्या होत्या. दुपारी मी अंग तिरकं करून फटीत शिरले. वर्षभरात मी सुटलेय, आणि नको तिथेच. पोट आत घेऊन चार पावलं सरकले आणि अडकले. पाठीला भिंत, नाकाला साल. मान खाली घातली तर गुडघ्याच्या वर, बुंध्याला चिकटलेला, चांगला ताटलीएवढा कान.

कान म्हणजे बुरशी, आम्ही तिला कानच म्हणतो. तपकिरी, चकचकीत, लाकडासारखी कडक. ती बाहेर दिसते तेव्हा आतली सड कित्येक वर्षांची असते. झाड वर पानं काढत राहतं आणि खाली मुळं गेलेली असतात. असं झाड पडायला वाऱ्याचीही वाट बघत नाही. मी खिशातली सळई काढून कानाशेजारी टोचली. ती ओल्या पावात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. कानाला वर्षाला एक थर चढतो, याला एकावर एक तीन होते. म्हणजे गेल्या वर्षीही तो इथेच होता, खुर्च्यांच्या मागे.

माझ्या डोक्याजवळ खिडकी होती. आत डोकावले. एकोणीस पोरं ओळीने झोपली होती, कुणाचा अंगठा तोंडात, कुणाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. गेल्या वर्षी इथे नुसती अडगळ असायची. दाराशी ताई एका नव्या पालकाला सांगत होती, "झाडाची काळजी नको. माझी बहीणच तपासते, तिच्या हातून काही सुटत नाही."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार पोरांचा नव्हता, नोकरीचा होता. एक टोला घातला की कान खाली, खाली पडला की पिशवीत. मग 'सड नव्याने आढळली' असं लिहायचं, की मी सुटले. मी हातोडी उचललीसुद्धा. पण त्या फटीत कोपर मागे जाईना. तशीच उभी राहिले, हात अर्धा वर आणि श्वास अर्धा आत. आत एक पोर झोपेत खोकलं, कूस बदलून भिंतीला टेकलं. त्याच्यात आणि माझ्यात एवढीशी वीट होती. मला माझीच किळस आली.

खरचटत बाहेर आले. तो पालक गेला होता. "ताई, पोरांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. झाड आतून गेलंय."

ताईने बालवाडीचं काय होईल, हे विचारलंच नाही. आधी म्हणाली, "तुझ्यावर येईल ना गं? लिही की यंदाच झालंय."

"यंदाचं नाहीये. गेल्या वर्षीही होतं."

"मग तेव्हा ठोकलंस तेव्हा कळलं नाही?"

"त्या बाजूला ठोकलंच नव्हतं."

"कागदावर तर चारही बाजू होत्या."

"हो."

खुर्च्या राहू दे असं तूच म्हणालीस, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. खुर्च्या तिच्या होत्या, सही माझी होती.

ताई हळू आवाजात म्हणाली, "पलीकडच्या खोलीत रस्त्याचा आवाज यायचा. तुझा कागद आला म्हणून मी झोपायची खोली इकडे आणली. वर्षभर रोज दुपारी दोन तास मी त्यांना इथे थोपटून झोपवलंय. जे झोपत नव्हते, त्यांना दटावून."

ती आत गेली. पोरं सांभाळणाऱ्या मावशींना तिने हाक मारली आणि भिंतीकडचं पोर आधी उचललं. तेच, खोकलेलं. मान तिच्या खांद्यावर कलंडलेली. दार अरुंद, त्यात मी उभी. मी दोन्ही हात पुढे केले.

ताई थांबली. मावशी माझ्या मागून येईपर्यंत थांबून राहिली आणि पोर त्यांच्याकडे दिलं.