डाव्या चाकाचा आवाज

डोंगरकडा गावच्या दवाखान्यात नर्स असलेल्या प्रियदर्शनीला गाडी शिकवली ती तिच्या सासऱ्यांनी. गोपीचंदमामांनी एकतीस वर्षं एसटी हाकली होती. "ब्रेकवर पाय असा ठेवायचा, जसं खाली कोंबडीचं पिलू हाय," असं ते सांगायचे. पोरगी सहा महिन्यांत तयार झाली आणि जुनी का होईना, घरात गाडी आली.

त्या बुधवारी दवाखान्यातून येताना गतिरोधकाशी तिनं ब्रेक दाबला, तर डाव्या पुढच्या चाकातून चिर्र असा बारीक आवाज आला. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा. तिनं तीनदा करून पाहिलं.

"मामा, ब्रेक वरडून राहिलेत," घरी येताच ती म्हणाली.

मामांनी तिला शेजारी बसवून गावाला एक चक्कर मारली. ब्रेक लागला की चाक किंचाळायचं. चावडीवरची कुत्रीसुद्धा मान वळवून बघत होती.

"कुठं हाय आवाज?" मामा म्हणाले. "धूळ असंल अडकलेली."

प्रियदर्शनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मामा वेळ मारून नेत नव्हते. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. इंजिनाशेजारी एकतीस वर्षं काढलेला माणूस! कान कमी होऊ लागले की बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हे ती दवाखान्यात रोज बघत होती.

"मामा, आवाज हाय. तुमाला येऊन न्हाई राहिला."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "म्हंजी मी बहिरा झालो म्हन की!"

"तसं न्हाई म्हनत. पण आज माझ्या कानावर इश्वास ठेवा. रविवारी शकुआत्याबाईला घेऊन सिद्धेश्वर धरणावर जायचंय, लेकरं असतील संगं."

घुश्शातच त्यांनी घरी येऊन चाकाच्या फटीतून बॅटरी मारली. "ये, बघ. ब्रेकचं पॅड कसं जाड हाय!"

तिनं वाकून पाहिलं. पॅड खरोखरच जाड होतं. दुसरी कुणी असती तर तिथंच गप्प बसली असती. प्रियदर्शनीनं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल खालच्या खुणेला टेकलं होतं.

"मामा, दिवाळीत हे वरच्या रेघेला व्हतं. मी सोता बघितलं व्हतं."

आता मात्र मामा पुढं झाले. त्यांनी चारी चाकांच्या आतून हात फिरवला, गाडीखाली आडवे होऊन पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत.

"गळती न्हाई. मंग तेल गेलं कुठं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "पॅड झिजलं की त्याला ढकलणारा पिस्टन म्होरं सरकतो, त्याच्यामागं तेल भरतं. जॅक आन, पोरी."

चाक उतरलं. फटीतून दिसलेलं बाहेरचं पॅड धडधाकट होतं, पण आतलं रुपयाच्या नाण्याएवढं जाडही उरलं नव्हतं. झीज कळावी म्हणून बसवलेली पत्र्याची पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत होती. दोन्ही पॅड धरणाऱ्या पकडीची पिन चिखलानं जाम झाली होती, म्हणून सगळी झीज एकट्या आतल्या पॅडवर आली होती.

मामा उकिडवे बसून बराच वेळ ते पॅड हातात फिरवत राहिले.

"कसा व्हता गं आवाज?"

"पत्र्यावर खिळा वढावा तसा."

"व्हय," ते हळूच म्हणाले. "त्यो मला ठावा हाय. लई वर्सं ऐकला म्या."

गाडी तिथंच उभी ठेवून प्रियदर्शनी दुसऱ्या दिवशी बसनं हिंगोलीला गेली आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड घेऊन आली. मामांनी पिन घासूनपुसून ग्रीस लावलं, पिस्टन मागं दाबला, नवे पॅड बसवले. "आता पायानं पंप कर. पेडल घट्ट लागल्याबिगर गाडी हालवायची न्हाई," ते म्हणाले. पेडल घट्ट लागलं तशी तिनं मान डोलावली.

रविवारी धरणाकडं जाताना स्टिअरिंगवर तीच बसली होती. मागं दोन नाती घेऊन बसलेल्या शकुबाईनं भावाला डिवचलं, "काहून रे, आज तू न्हाई चालवत?"

"तिचा कान माझ्यापेक्षा चांगला हाय," मामा म्हणाले. त्यांनी बहिणीला सगळी हकिगत सांगितली, काही एक न लपवता. "आन् उद्या हिंगोलीला डॉक्टरकडं चाललो. माझाबी कान तपासून घेतो."

उतार आला. प्रियदर्शनीनं पाय टेकवला आणि गाडी अलगद, आवाज न करता मंदावली.