एकशे एक टक्के पाणी

आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मीटरने शून्य दाखवायचं नाही, असा हुकूम मालकांनी दसऱ्याच्या दिवशी काढला.

मीटर म्हणजे तळहाताएवढी पेटी. समोर लाल आकडे, खाली चार बटणं. आगीसाठी राखून ठेवलेल्या उंच टाकीत किती टक्के पाणी आहे, एवढंच ते सांगतं. विमा कंपनीने बसवायला लावलं म्हणून बसवलं. एरवी आमचे मालक पांडुरंगराव टाकीतलं पाणी बघण्याच्या भानगडीत पडले नसते.

मी दीक्षा. जैनथपासून सहा किलोमीटरवरच्या गावची, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालेली, आणि या जिनिंगमध्ये हंगामी तंत्रज्ञ. हंगामी हा शब्द नीट वाचा, माझं घोडं तिथेच अडलेलं होतं. दोन हंगाम मालक म्हणत होते, पुढच्या बारीले पक्की करतो. माझी आई विठाबाई याच आवारात कापसाच्या ढिगावर काम करते. अकरा बायांची टोळी आहे त्यांची. कापूस पेटला तर त्या अकरा जणी आणि आग यांच्यामध्ये फक्त ती टाकी. म्हणून मी ते मीटर मन लावून बसवलं होतं. पाणी तीस टक्क्यांखाली गेलं की बोअरचा पंप आपोआप सुरू, पंच्याण्णवला बंद. महिनाभर टाकी भरलेली राहिली आणि कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. जिन, प्रेस, वजनकाटा, मालकांची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. मीटर मालकांच्या केबिनमध्ये, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, कारण जुन्या पंख्याच्या बोर्डाचं भोक तिथे आयतंच पडलेलं होतं. नेमकी त्या दिवशी धुण्यासाठी टाकी रिकामी केलेली आणि पंप दुपारपर्यंत बंद ठेवलेला. मालक आरतीचं ताट घेऊन वळले आणि समोर लालभडक शून्य.

"हे काय व्हय?"

"टाकी रिकामी हाये मालक. संध्याकाळपर्यंत भरते."

"लक्ष्मीच्या बाजूले शून्य? सणाच्या दिवशी? बदला ते."

"पाणी नाई तर शून्यच दिसन ना."

"आमी लग्नात शंभर देतो काय? एकशे एक देतो. शून्यावर संपलं का बरकत खुंटते. त्याच्यात एक टाकून द्या."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण डिप्लोमा झालेल्या माणसाला समजावून सांगायची खोड असते. मी सांगितलं, टाकीच्या तळाला सेन्सर आहे. तो तारेतून करंट पाठवतो. टाकी रिकामी असली तर चार मिलिअँपिअर, भरलेली असली तर वीस. मीटरला आपण शिकवतो, चार आले की शून्य म्हण, वीस आले की शंभर म्हण.

"चार? रिकाम्या टाकीले चार काऊन? शून्य काऊन नाई?"

"शून्य आला तर तार तुटली असं समजाचं, म्हणून."

मालकांचा चेहरा झेंडूपेक्षा फुलला. "पाहा! त्या सेन्सरले बी शून्य चालत नाई. तो बी चारपासून सुरू करते. मशीनले समजते, अन् शिकल्या-सवरल्या पोरीले समजत नाई!"

सगळे हसले. मीही हसले. मग बटणं दाबून चारला एक केलं आणि विसाला एकशे एक. एका टक्क्याने काही बिघडत नव्हतं. संध्याकाळी टाकी भरत आली तेव्हा वॉचमन चंपतने पंप बंद होऊ न देता हाताने चालवला, आणि मीटरवर १०१ आल्यावर मालकांनी नारळ फोडला. शंभरातलं एकशे एक पाणी कुठून आलं, हे एकाही माणसाने विचारलं नाही.

तिथेच थांबलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती. पंधरा दिवसांनी विम्याचे कागद आले. त्यात लिहिलं होतं, हंगामात टाकीतला साठा पन्नास टक्क्यांखाली नसावा. मालकांनी मला बोलावलं.

"खालून एकावन्न करून द्या. एकावन्न बी शगुनाचाच आकडा हाये."

म्हणजे रिकामी टाकी एकावन्न आणि भरलेली एकशे एक. मी म्हटलं, "मालक, मग पंप कदीच सुरू नाई होणार. तो तीसच्या खाली सुरू होते. आकडा एकावन्नाच्या खाली जाणारच नाई तर तीस कुठून येईन? पंपाचा आकडा सहासष्ट करा लागते."

त्यांनी विम्याचा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर छापलेलं होतं, पंप सुरू होण्याची पातळी, तीस. "छापील हाये हे. छापलेलं कोणी बदलते काय? पंप चंपत हातानं लावन."

मी काही बोलणार तोच त्यांनी खणातून एक बंद पाकीट काढलं. वर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, कु. दीक्षा, कायम नेमणूक. ते त्यांनी लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवलं. "विमावाल्यायचा मुआयना होऊन जाऊ द्या. मंग हे तुमचंच."

चार बटणं, अर्ध्या मिनिटाचं काम. चारला एकावन्न केलं, विसाला एकशे एकच ठेवलं. बटणं दाबताना पाकिटावरचं अक्षर किती छान आहे, असं माझ्या मनात आलं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो मालकांवर नाही.

चंपत अगदी प्रामाणिक माणूस. मालकांनी त्याला सांगितलं, मीटर पन्नासच्या खाली गेलं का पंप लाव. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा, रोज सकाळी एक तास लावत जा. त्याने मान डोलावली आणि पगार देणाऱ्याचं ऐकलं. दिवाळी झाली, कापूस यायला लागला. धूळ बसावी म्हणून आवारात रोज याच टाकीचं पाणी मारायचे, ट्रॅक्टरवाले तिथेच आंघोळी करायचे, नव्या शेडच्या स्लॅबवर पाणी सोडायचे. आकडा नव्वद झाला, ऐंशी झाला, साठ झाला. मी दिवसभर वजनकाट्यावर अडकलेली. चंपत पंप लावत असेल असं धरून चालले होते, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी सकाळी चंपत आनंदाने सांगत आला. "ताई, एकावन्नावर असं मस्त बसलं ना मीटर! चार दिवस झाले, हालतच नाई."

टाकीत पाणी असलं की शेवटचा आकडा थोडाफार हलतोच. चार दिवस न हलणारा एकावन्न म्हणजे कोरडी टाकी. मी शिडी चढून वर गेले. तळाशी हिरवी ओल होती आणि कोणाची तरी एक चप्पल.

पंपाच्या स्टार्टरपाशी पोहोचले, तर मालक आडवे आले.

"टाकी कोरडी हाये मालक!"

"मीटर काय म्हणते?"

"एकावन्न."

"मंग?"

"मी वर चढून पाह्यलं."

"आता पंप नोका लावू. साहेबासमोर आकडा हालला तर साहेब दहा गोष्टी इचारन. जेवणं झाले का लावा."

मी भांडायला हवं होतं. ढिगावर आई दिसत होती, डोक्याला रुमाल बांधलेली, कापसात गुडघ्यापर्यंत. केबिनमध्ये पाकीट दिसत होतं. जेवणापर्यंत दोन तास, दोन तासांत काय होतंय, असं म्हणून मी वजनकाट्यावर परत गेले.

विमा कंपनीचे निरीक्षक साहेब हैदराबादहून आले होते. त्यांनी मीटर पाहिलं, एकावन्न लिहिलं. फॉर्मवर तीस छापलेलं पाहिलं, मीटरमध्ये तीस आहे का विचारलं. मी आहे म्हटलं, त्यांनी बरोबरची खूण केली. टाकी त्यांनी खिडकीतूनच पाहिली, बाहेरून टाकी छान निळी होती. मग मटण आणि ज्वारीची भाकर झाली. जेवण आटोपून साहेब हात धुवायला टाकीच्या नळापाशी गेले. नळ खाकरला आणि गप्प झाला.

मला वाटलं, आता समजेल. साहेबांनी नळाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मग चंपतला म्हणाले, "जीप में से बिसलेरी लाओ." चंपतने बाटल्यांचा खोकाच आणला. साहेबांनी बाटलीच्या पाण्याने हात धुतले, रुमालाला पुसले आणि 'पानी पर्याप्त' या रकान्यापुढे दस्तखत केली.

शाई वाळायच्या आत बाहेर आरडाओरडा झाला. ट्रॅक्टर चालू करताना सायलेन्सरमधून ठिणगी उडाली होती आणि ढिगाच्या एका कडेतून धूर निघत होता. चंपतने आगीचा पाइप ओढला, व्हॉल्व्ह फिरवला. पाइपातून फुस्स करून हवा आली आणि एक झुरळ बाहेर पडलं. मी धावत जाऊन पंप लावला, पण टाकीत पाणी चढून पाइपात यायला अर्धा तास तरी लागणार होता, आणि कापूस अर्धा तास थांबत नसतो.

आग बायांनी विझवली. अकरा जणींनी घरून आणलेले पिण्याच्या पाण्याचे कॅन ओतले. गोणपाटं ओली करून धुरावर मारली. साहेबांचा खोका उचलून सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या, साहेब "अरे, अरे" म्हणत राहिले. पेटलेला कापूस त्यांनी हातांनी उपसून बाजूला फेकला. आई सगळ्यात पुढे होती. दहा मिनिटांत धूर संपला. या गडबडीत पाणी वर चढायच्या आतच कोणीतरी मी लावलेला पंपही बंद केला, आवाजाने साहेबांना त्रास होतो म्हणून.

मालक तडक केबिनमध्ये गेले. मीटरवर एकावन्न. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"पाहा साहेब! एवढी आग इझली, अन् पाणी एक टक्का बी कमी नाई झालं!"

साहेबांनी चष्मा लावून खात्री केली आणि अहवालात ओळ वाढवली. आग विझविण्यात आली, पाणीसाठा अबाधित. मालकांनी चंपतला नारळ आणायला पिटाळलं. मग फोटोखालचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. सोबत एक कागद, आगीपूर्वी साठा एकावन्न, आगीनंतर साठा एकावन्न, खाली तंत्रज्ञाची दस्तखत.

"तुमच्या मीटरनं लाज राखली मॅडम. करा दस्तखत."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आई नळापाशी उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजून लाल झाला होता, तो तिने नळाखाली धरला होता आणि डाव्या हाताने तोटी फिरवत होती, पुन्हा पुन्हा. नळातून काहीच येत नव्हतं. मला रडू आलं. स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कागद टेबलावर ठेवून मी मीटरपाशी गेले. बटणांवरचं दसऱ्याचं कुंकू ओढणीने पुसलं. चारला शून्य. विसाला शंभर. बटण सोडलं आणि एकावन्न गेलं, शून्य आलं. मीटरच्या आत टक् असा आवाज झाला आणि बाहेर बोअरचा पंप आपोआप सुरू झाला.

"शून्य!" मालक ओरडले. "अवो शून्य दिसून राह्यलं! बंद करा!"

"पंप बंद केला तर शून्यावरच थांबन मालक," मी म्हटलं. "मंग ते शून्य तसंच राहीन, लक्ष्मीच्या बाजूले."

मालकांचा स्टार्टरकडे निघालेला पाय थांबला. साहेबांना मी विचारलं, अहवाल दुरुस्त करता का. ते म्हणाले, "मेरा मुआयना तो हो चुका," आणि जीपमध्ये जाऊन बसले. आकडा चढायला लागला. एक झालं, मालक म्हणाले, जरा वाढू द्या. पाच झालं, सात झालं. मालक आरतीचं ताट घेऊन मीटरसमोर उभेच. "अकरा होऊ द्या, अकराले थांबवू." अकरा झाल्यावर त्यांना एकवीसची आशा लागली. पंप बंद करायला त्यांना शुभ आकडा सापडेना, आणि टाकी भरत राहिली.

मी पाकीट फोडलं. वर कायम नेमणूक. आत गेल्या वर्षीचंच पत्र, तारीख पेनाने खोडून बदललेली. मजकूर तोच, हंगाम संपेपर्यंत. रिकाम्याला एकावन्न म्हणायला मीटरला मीच शिकवलं होतं, त्यामुळे कोणापाशी तक्रार करणार? बाहेर पडण्याआधी मी एवढंच केलं, मीटरचा पासवर्ड बदलला आणि तो कोणाला सांगितला नाही.

नळ वाहत होता. आईने हात पाण्याखाली धरला होता, शेजारी तिचा रिकामा कॅन होता. मी कॅन उचलून भरायला लावला. तिने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. वाचता येत नसलं तरी ते कसलं पाकीट आहे हे तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं.

"झाली काय वं पक्की?"

"मी नाई माय," मी म्हटलं. "मीटर पक्कं झालं."