पर्जन्यमापकात शून्य

"पावसाची शक्यता साठ टक्के? कॉम्प्युटर दहा म्हणतोय," हार्लन म्हणाला. "खोडा."

"नाही खोडत," ओफेलियाबाई म्हणाल्या आणि बुरिटोचा घास घेतला.

आज वादळ कुठे येईल आणि का, याचं रोजचं टिपण आमच्या ॲरिझोनातल्या हवामान कार्यालयात त्या एकतीस उन्हाळे लिहीत होत्या. आजचा अंदाज चुकला तर उद्यापासून टिपण कॉम्प्युटर लिहील, असं आमच्या प्रमुखानं, म्हणजे हार्लननं, ठरवलं होतं. निकाल आमच्या अंगणातलं पर्जन्यमापक देणार. जिल्हा शंभर मैलांचा, मापक वीतभर.

स्क्रीनवर ऊन येतं म्हणून आमचे पडदे कायम पाडलेले. आकाश बघायला बाई पार्किंगमध्ये जायच्या. डोंगरावर ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगला होता.

"आकाशाला आकडे नसतात, बाई," हार्लन दारातून म्हणाला.

"नसू देत. मला डोळे आहेत."

रस्ते खात्याच्या कुकोचा फोन आला, नेहमीच्या स्पॅनिश अदबीनं. "डोन्या ओफेलिया, ओढ्याच्या रस्त्यावर अडथळे लावू? इथं ऊन मी म्हणतंय."

"लाव म्हटलं ना, मेल्या."

पाचला बाईंच्या गाडीतून मी निघालो. ओढ्याशी हार्लनची गाडी उभी. वर निळंशार आकाश. कोरड्या ओढ्यात एक सरडा, तोही कंटाळलेला. हार्लननं उतरून अडथळा बाजूला केला, पुन्हा गाडीत बसला. बाई जाऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या.

"सरका! मला घरी जायचंय."

"घाला अंगावर. टिपणात लिहीन."

त्यानं हॉर्न वाजवला. बाईंनी घड्याळ पाहिलं. मग वरच्या अंगानं खडखडाट आला, मागोमाग डोंगरावरचं तांबडं पाणी. पाण्यावर एक प्लास्टिकची खुर्ची सरळ बसून गेली, जणू तिला पुढे मीटिंग होती. हार्लन उतरला, अडथळा उचलून जागेवर ठेवला आणि ओल्या बुटांकडे बघत राहिला.

सकाळी अंगणातलं मापक कोरडं ठणठणीत होतं.

"नियम आहे," हार्लन जमिनीला म्हणाला.

"माहीत आहे. मीच लिहिते." बाईंनी नोंदवहीत लिहिलं : अंदाज साठ टक्के. मापकात शून्य. चुकला. खाली सही, नेहमीपेक्षा मोठी.

मग त्या खिडकीशी गेल्या, पडदा वर ओढला आणि दोरीला गच्च गाठ मारून बुरिटोचा डबा घेऊन निघाल्या.

सगळ्या स्क्रीनवर ऊन पसरलं. एकही आकडा दिसेना. हार्लननं खुर्ची फिरवून घेतली, पण गाठ सोडली नाही.