फासाचा दोरा

समजा, तुम्ही कुंपणाच्या भिंतीला नाक लावून उभे आहात. पलीकडे पेंटरकाका रंगवलेली दारं उन्हात वाळत ठेवताहेत, आणि तुम्हाला त्यांच्यावर नजर ठेवायची आहे. चिंगी त्या सुटीच्या दिवशी सकाळपासून येऊन-जाऊन अशीच उभी राहत होती.

अलीकडे टेलरकाकूंची खोली. शिवता शिवता काकू मुलांना खिडकीतून पाखरं ओळखायला शिकवत. काळा गळा दिसला की चिमणा, मातकट दिसली की चिमणी. त्याच खिडकीवरच्या झरोक्यात सकाळी चिमणीचं पिल्लू घरट्याबाहेर लोंबकळत होतं. पायाला दोऱ्याचा फास. काकूंनी स्टुलावर चढून घाईघाईत दोरा कापला आणि पिल्लू घरट्यात ठेवलं. खाली पडलेला, घाणीने माखलेला दोरा चिंगीने पुरावा म्हणून खिशात टाकला.

चिमण्या ओल्या रंगावर घाण करायच्या. यांचा एकदा बंदोबस्त करतो, असं पेंटरकाका म्हणालेले सगळ्यांनी ऐकलं होतं. चिंगीने घरोघर सांगितलं, फास त्यांनीच लावला. मोठ्यांनाही पटलं. नाहीतरी माणूसघाणाच तो. संध्याकाळी घरमालकाला सांगून त्यांना जागा सोडायला लावायचं ठरलं.

काकूंच्या कानावर हे दुपारी गेलं. त्यांनी मशीन थांबवलं, चिंगीकडून दोरा मागून घेतला, ओल्या फडक्याने पुसला, चष्मा लावला. दोरा निरखून पाहिला.

"त्यांचाच ना?" चिंगीने विचारलं.

"माझा आहे. गणवेशाला वापरते तो. घरट्याला होतील म्हणून उरलेले दोरे मीच भिंतीवर टाकते. बोटाच्या पेराएवढे तुकडे करायला हवे होते गं. मी लांबच्या लांब टाकत गेले."

"पण ते बंदोबस्त करतो म्हणाले होते."

"म्हणाले असतील. केलं मी."

काकू त्यांना पाठीशी घालताहेत, असं चिंगीला वाटलं. तिने दोरा मशीनवरच्या रिळाला लावून पाहिला. दारात नेऊन उजेडात धरला. तोच निळा, तोच पीळ.

पलीकडे पेंटरकाका हातातला ब्रश थांबवून तिच्याकडे बघत होते. आता आणखी काय, असा चेहरा. चिंगीने मान खाली घातली. मग ती रस्त्यावर आली आणि सकाळी जिथे सर्वांत आधी सांगितलं होतं, त्या घराची कडी वाजवली.