मशीनमधली मूळ प्रत

सत्त्याण्णव साली द्रौपदाबाई सरपंच झाल्या तेव्हा सर्वांत आधी पेढा उचलला तो उपसरपंच भाईदासने, आणि त्यांची खुर्ची ओढायला सर्वांत आधी धावला तोही तोच. पिंपळनेरपलीकडच्या त्या गावात त्याच्या शब्दाला वजन. पावसाळा सरत नाही तोच त्याने बाईंवर अविश्वास ठराव आणला. बाईंना खुर्चीचं फारसं कौतुक नव्हतं. पण त्यांनी भांडून मंजूर करून आणलेली अंगणवाडीची खोली नुकती पायावर आली होती, आणि त्या गेल्या की तिथे भाईदास गोदाम उठवणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

धुळ्याच्या सरपंच शिबिरात सुनंदा नावाच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटरवर कायदा वाचून दाखवला होता. सरकारने नवे कायदे आता तिथेही प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. ताज्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलेलं, निवडीनंतरचे काही महिने असा ठराव आणता येत नाही. बाईंनी धुळ्याची बस पकडली, तो कागद छापून घेतला आणि तालुक्याला नायब तहसीलदार रुपचंद यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ठरावाची सभा त्यांच्यापुढेच व्हायची होती.

रुपचंद साहेब म्हणजे बायकोने साखर संपली म्हटलं तरी डबा उघडून पाहणारा माणूस. कागदाच्या कडांना भोकं, सही नाही, शिक्का नाही. छापील राजपत्र तर अजून पोस्टातच कुठेतरी होतं.

"मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी याला खरी नक्कल म्हणणार नाही, बाई."

"मूळ धुयाले मशीनमा शे, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. "चाला, दखाडस."

दुसरा कोणी हसला असता. साहेबांना मात्र हे रास्त वाटलं. शिक्का आणि शाईची गादी पिशवीत टाकून ते खरोखरच बसमध्ये चढले.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागल्या. सुनंदा कागद वाचत गेली, साहेब पडद्यावर बोट फिरवत गेले. कुठे काना चुकला नाही की मात्रा. शेवटी कागदावर गोल शिक्का उमटला, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांनी शिक्का पुन्हा शाईवर दाबला. नक्कल दिली की मुळावर तशी खूण करायची, ही त्यांची जन्माची सवय. सुनंदाने वेळेवर हात धरला म्हणून पडदा बचावला.

सभेत भाईदास उसळला. "मशीनमा कोनीबी काहीबी लिखी टाकस."

"मी मूळ वाचून आलोय, तेही अनवाणी," साहेब म्हणाले. "ठराव आज येत नाही."

भाईदासचं तोंड एवढंसं झालं. बाईंना त्याची थोडी कीवच आली.

"नाराज नका व्हा, भाऊ. ते महिना सरनात का परत आना ठराव," त्या म्हणाल्या. "तवलोंग खोलीवर पत्रा चढी जाई. पहिला नंबर मी तुम्हना नातूना लावसू. मंग त्याले उठाडीसन करा गोदाम."

भाईदासची सूनही सभेला आली होती. मुलाचं नाव आजच लिहून घ्या, असं ती तिथल्या तिथे सांगून मोकळी झाली.